पडद्यामागच्या हातांना टाळ्या कधी?

दूरचित्रवाणीवर पुरस्कार सोहळ्यांचा हंगाम सुरू झाला, की आमच्या बीडसारख्या गावातही रात्रीची जेवणे अर्धा तास अलीकडे येतात. स्वयंपाक लवकर उरकायचा, मुलांचा अभ्यास ‘उद्या पहाटे’वर ढकलायचा आणि घरातल्या झाडून सगळ्यांनी टीव्हीसमोर बसायचे. सर्वोत्कृष्ट सासू कोण, सून कोण, जोडी कोणाची, कुटुंब कोणते, यावर घराघरांत पैजा लागतात. आजीची पसंती एक, नातीची दुसरी. निकाल लागतो, आवडती नायिका डोळे पुसत आईवडिलांचे आभार मानते आणि आपल्याही डोळ्यांच्या कडा ओलावतात. यात वावगे काही नाही. रोज रात्री आपल्या घरात येणाऱ्या माणसांचे कौतुक व्हावे असे वाटणे हा आपल्या लोकांच्या स्वभावाचाच भाग आहे.

पण याच सोहळ्यात पाच-सात मिनिटांचा एक तुकडा असतो. निवेदक घाईघाईने सांगतो, ‘आणि हे आहेत आपल्या तांत्रिक पुरस्कारांचे मानकरी!’ संगीताचा आवाज चढतो आणि पडद्यावरून भराभर छायाचित्रे सरकू लागतात. छायालेखन, संकलन, ध्वनी, कला दिग्दर्शन, वेशभूषा, रंगभूषा. एकेका माणसाच्या वाट्याला दोन-तीन सेकंद. तो मंचावर आला का, काही बोलला का, त्याच्या घरचे कोणी समोर बसले होते का, काही कळत नाही. अनेकदा हे पुरस्कार मुख्य कार्यक्रमाआधीच उरकून घेतलेले असतात. घरातले कोणीतरी नेमके याच वेळी पाणी प्यायला उठते.

मला आज बोलायचे आहे ते या पाच-सात मिनिटांविषयी. ही मिनिटे वाढली पाहिजेत, असे माझे म्हणणे आहे. आणि ते मुंबईतल्या तंत्रज्ञांच्या मानापानासाठी जितके आहे, त्याहून अधिक आमच्या जिल्ह्यातल्या पोरांसाठी आहे.

गंमत अशी, की टीव्हीच्या दुनियेतला सर्वांत नावाजलेला पुरस्कार म्हणजे अमेरिकेतला ‘एमी’, आणि त्याचे नावच मुळी एका यंत्राच्या सुट्या भागावरून पडले आहे. त्या काळच्या टीव्ही कॅमेऱ्यात ‘इमेज ऑर्थिकॉन’ नावाची एक काचेची नळी असे. समोरच्या दृश्याचा प्रकाश तिच्यावर पडे आणि त्याचे रूपांतर विजेच्या संकेतांत होई. कॅमेऱ्यावर काम करणारी मंडळी तिला लाडाने ‘इमी’ म्हणत. पुढे पुरस्काराची मूर्ती स्त्रीची ठरली, म्हणून ‘इमी’ची ‘एमी’ झाली. ही पंख असलेली स्त्री हातांत अणूची प्रतिकृती उंच धरून उभी आहे. पंख कलेचे, अणू विज्ञानाचा. लुई मॅकमॅनस या टीव्ही अभियंत्याने आपल्या पत्नीला समोर उभे करून तिची रचना केली. २५ जानेवारी १९४९ रोजी हॉलिवूडमध्ये पहिला एमी सोहळा झाला, तेव्हा अवघे सहा पुरस्कार दिले गेले. त्यांतला एक तांत्रिक कामगिरीसाठी होता आणि एक, मूर्तीची रचना केल्याबद्दल, खुद्द मॅकमॅनसला. सहांतले दोन पुरस्कार पडद्यावर न दिसणाऱ्या माणसांचे!

आज त्या एमीचेही रूप बदलले आहे. छायालेखन, संकलन, ध्वनी, वेशभूषा अशा कामांचे बहुतेक पुरस्कार मुख्य सोहळ्याच्या आधी, वेगळ्या समारंभात दिले जातात. अभियांत्रिकीचे पुरस्कार त्याहूनही वेगळे. साऱ्या जगाने जागून पाहायचा तो सोहळा प्रामुख्याने चेहऱ्यांचा. तेव्हा हे दुखणे केवळ आपलेच आहे, असे समजण्याचे कारण नाही.

पण ही पडद्यामागची माणसे करतात तरी काय? मालिका पाहणाऱ्या माझ्यासारख्या साध्या प्रेक्षकाला हे कोणी समजावून सांगितलेले नसते. दिवाणखान्याच्या खिडकीतून सकाळचे कोवळे ऊन येते आणि सूनबाई तुळशीला पाणी घालतात. ते ऊन बहुधा स्टँडवर चढवलेल्या दिव्याचे असते. स्टुडिओबाहेर रात्रीचे दहा वाजलेले असू शकतात. खरा सूर्य तासाभरात सरकतो. पण प्रसंगाचे चित्रीकरण चार तास चालले, तरी हे ऊन जमिनीवरून बोटभरही हलता कामा नये. सासूबाई डाव्या हातात कप धरून एक वाक्य सुरू करतात आणि त्याचा उरलेला भाग दोन दिवसांनी चित्रित होतो. तेव्हा कप त्याच हातात हवा, चहा तितकाच हवा, पदर त्याच खांद्यावर आणि कुंकू त्याच आकाराचे हवे. याची वही ठेवणारा एक माणूस असतो. लांब काठीच्या टोकाला माइक बांधून नटांच्या डोक्यावर धरणारा दुसरा असतो. काठी खाली आली तर चित्रात दिसते, वर गेली तर शब्द हरवतात, तिची सावली भिंतीवर पडली तर सारे पुन्हा पहिल्यापासून. आणि हे सगळे झाल्यावर अंधाऱ्या खोलीत बसून तासन्‌तासांच्या चित्रणातून वीस-बावीस मिनिटांचा भाग काढणारा संकलक असतो. नायिकेने मान वर केल्यावर किती क्षण थांबायचे, हे तो ठरवतो. आपल्या घशात आवंढा येतो, तो त्या थांबण्यामुळे.

अडचण एवढीच, की हे काम जितके चांगले होते तितके ते दिसेनासे होते. चांगला अभिनय दिसतो. चांगला ध्वनी ‘ऐकू येत नाही’, फक्त संवाद स्पष्ट कळतात. म्हणूनच या कामासाठी पुरस्काराची अधिक गरज आहे. नटाला लोकांनी ओळखावे म्हणून पुरस्कार लागत नाही. तंत्रज्ञाला मात्र कोणीतरी बोट धरून पुढे आणावे लागते, आणि ‘हे यांनी केले’ असे मोठ्याने सांगावे लागते.

मराठवाड्यातल्या आमच्या पिढीला खरे तर ही गोष्ट लहानपणीच कळायला हवी होती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आमच्या गल्ल्यांत टीव्ही पोहोचायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या घरी सारी आळी. एक जण माळवदावर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून ओरडा व्हायचा, ‘आलं, आलं... गेलं!’ १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झाले आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. पुढे अंबाजोगाईच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याने आमच्या भागाला स्वच्छ चित्र दिले. त्या काळात तंत्रज्ञाची आठवण आम्हाला एकाच वेळी होत असे : पडद्यावर ‘व्यत्यय’ अशी पाटी झळकली की! मग सारी बैठक त्या न पाहिलेल्या माणसाच्या नावाने बोटे मोडायची. चित्र परत आले, की तो पुन्हा विस्मरणात. रात्रपाळीत यंत्रांसमोर बसून तो आमच्या घरात चित्र पोहोचवतो, हे कोणाच्या ध्यानीमनी नसायचे. पुढे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण देशभर टप्प्याटप्प्याने आवरले गेले आणि २०२२ पर्यंत तशी बहुतेक केंद्रे बंद झाली. टीव्हीवरच्या चेहऱ्यांच्या आठवणींनी पुरवण्या भरल्या. या माणसांच्या निवृत्तीची चौकटही कुठे फारशी आली नाही.

हे झाले मानाचे. पण मानापेक्षा मोठी गोष्ट पोटाची आहे. केज तालुक्यातला एक तरुण माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. त्याचे वडील लग्नांना आणि हरिनाम सप्ताहांना माइक-भोंगे भाड्याने देत. पोरगा आठव्या वर्षापासून त्यांच्याबरोबर. माइक शिट्टी का मारतो, कीर्तनकाराचा आवाज मृदंगाखाली दबत असेल तर काय करायचे, मंडपाच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या बायांना ऐकू यावे म्हणून भोंगा कोणत्या कोनात लावायचा, हे त्याला शाळेतल्या पाढ्यांआधी येऊ लागले. बारावीनंतर तो पुण्याला आणि तिथून मुंबईला गेला. कशासाठी? नट व्हायला! कारण टीव्हीत काम करायचे म्हणजे नट व्हायचे, एवढेच त्याला ठाऊक. दोन वर्षे तो गर्दीच्या दृश्यांत उभा राहिला, कधी बाजारातला माणूस, कधी वऱ्हाडी. तिसऱ्या वर्षी एका सेटवर ध्वनिमुद्रकाचा मदतनीस आला नाही, कोणीतरी काठी याच्या हातात दिली आणि त्याच्या ध्यानात आले, की आपण लहानपणापासून जे करतो त्याचा इथे पगार मिळतो.

आज त्याचे बरे चालले आहे. पण गावाकडे त्याच्या आईचा जीव लागत नाही. मालिका सुरू झाली की ती पडद्याजवळ जाऊन पाहते आणि फोनवर विचारते, ‘तू कुठं हाईस रं त्यात? मला तर दिसंना.’ एकदा सुटीत आल्यावर त्याने तिला शेवटच्या नामावलीतले आपले नाव दाखवायचे ठरवले. नाव आले आणि गेले. म्हातारी म्हणाली, ‘वाचायच्या आधीच पळतंय की रं!’

त्याची दोन वर्षे वाया गेली, याचे मला अधिक वाईट वाटते. आमच्या जिल्ह्यातून अशी कितीतरी मुले जातात. माजलगावचा संदीप पाठक मोठा नट झाला, लक्ष्मण देशपांड्यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ त्याने नव्या पिढीपुढे उभे केले, याचा सगळ्या बीडला अभिमान आहे आणि असलाच पाहिजे. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाने मराठवाड्यातून मकरंद अनासपुरे यांच्यासारखे कलावंत दिले. आमच्या मुलांना ही नावे तोंडपाठ आहेत. पण आमच्या मातीतला एखादा छायालेखक, एखादी संकलक, एखादा प्रकाशयोजनाकार सांगा म्हटले, की सभा चिडीचूप. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये १९७४ पासून टीव्हीचे शिक्षण दिले जाते. ध्वनिमुद्रण, संकलन, छायालेखन हे तिथे रीतसर शिकता येते. बीडहून पुणे एका रात्रीच्या एस.टी.वर. तरी ही वाट आमच्या किती शिक्षकांना ठाऊक आहे?

ज्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात, तिथे एका नव्या धंद्याची माहिती ही करमणुकीची बाब नसते. पोराच्या हातातला कोयता सुटण्याची ती एक शक्यता असते. आणि खेड्यातल्या मुलापर्यंत ही माहिती पोहोचवणारी खिडकी म्हणजे घरातला टीव्हीच. पुरस्काराच्या रात्री अख्खे घर त्या खिडकीपाशी बसलेले असते. नेमक्या त्याच क्षणी आपण ती दोन सेकंदांत बंद करून टाकतो.

कारागिराला विसरण्याची आपली सवय जुनी आहे, हेही खरे. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर त्यांनी ग्रंथ लिहिला. चारशे वर्षांनीही लोक ती पाहायला येतात. दासोपंतांचे नाव सारा महाराष्ट्र घेतो. ते कापड कोणी विणले, ते कोणालाच ठाऊक नाही. पण याच जिल्ह्यात याच्या उलट उदाहरणही आहे. बीडची खजाना विहीर सोळाव्या शतकातली. निजामशाहीतला इथला जहागीरदार सलाबतखान याच्या काळात ती झाली. तिची माहिती सांगताना मात्र सलाबतखानाबरोबर राजा भास्कर या स्थपतीचेही नाव घेतले जाते. विहिरीत पाणी कुठून आणायचे, ते भूमिगत मार्गाने शेतापर्यंत कसे न्यायचे, हे ज्याच्या डोक्यातून निघाले तो माणूस जहागीरदाराच्या शेजारी मानाने उभा आहे. जे सोळाव्या शतकातल्या बीडला जमले, ते आजच्या वाहिन्यांना का जमू नये?

असे नाव पुढे आले की काय होते, हेही आपण पाहिले आहे. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. कपडे शिवणे-निवडणे हे बायकांचे घरगुती काम नव्हे, तर ती अभ्यासाची विद्या आहे, हे त्या एका रात्रीने कितीतरी घरांना सांगितले. याउलट पुण्याचे अभियंते विकास साठये यांचे पाहा. हेलिकॉप्टरखाली बसवलेला कॅमेरा उडताना थरथरू नये, यासाठी न्यूझीलंडमधल्या कंपनीत सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ‘शॉटओव्हर के-१’ ही यंत्रणा घडवली. त्याबद्दल २०१८ मध्ये त्यांना ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. तो सोहळा १० फेब्रुवारीला झाला, आणि जगाने पाहिलेला ऑस्कर सोहळा ४ मार्चला. कर्तबगारी कुठेच उणी नव्हती. फरक दिव्यांच्या झोताचा होता.

तंत्रज्ञांनी आणि कलावंतांनी यासाठी भांडल्याचीही उदाहरणे आहेत. २०१९ मध्ये ऑस्करवाल्यांनी छायालेखन आणि संकलनासह चार पुरस्कार जाहिरातींच्या वेळात देण्याचा घाट घातला. नामवंत दिग्दर्शकांनी आवाज उठवला आणि काही दिवसांतच तो बेत गुंडाळावा लागला. २०२२ मध्ये आठ पुरस्कार थेट प्रक्षेपणाच्या आधी उरकले गेले, पुन्हा टीका झाली आणि पुढच्या वर्षी सगळे पुरस्कार परत मुख्य मंचावर आले. आपल्याकडे ३ मे २०१८ रोजी राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या वेळी राष्ट्रपतींच्या हस्ते फक्त ११ पुरस्कार दिले जाणार, असे ऐन वेळी कळले. पन्नासहून अधिक मानकरी समारंभाला गेले नाहीत. तो हट्टीपणा होता असे काहींना वाटले. मला तसे वाटत नाही. वर्षानुवर्षे मागे उभ्या राहिलेल्या माणसाच्या वाट्याला आयुष्यात एकदा पुढे येण्याचा क्षण येतो. तोही कापला, तर त्याने काय करावे?

वाहिन्यांचे म्हणणे मी ऐकून आहे. तांत्रिक पुरस्कार सुरू झाले की प्रेक्षक दुसरीकडे जातात, आणि पडद्यावरचा प्रत्येक सेकंद पैशांचा असतो, असे ते सांगतात. पण नुसते नाव आणि छायाचित्र दाखवले तर प्रेक्षक जाणारच! नायिकेच्या पुरस्काराआधी तिच्या अभिनयाचा तुकडा दाखवता ना? मग संकलकाच्या वेळी तोच प्रसंग कापण्याआधी कसा होता आणि नंतर कसा झाला, हे अर्धा मिनिट दाखवा. ध्वनिमुद्रकाच्या वेळी आधी आवाज बंद करून दाखवा, मग एकेक थर चढवा. पाऊस, दाराची कडी, बांगड्या, श्वास. माझी खात्री आहे, घरातले एक माणूस जागचे हलणार नाही. आपल्या प्रेक्षकाला जादू आवडते, आणि ती कशी केली हे पाहायला त्याहून आवडते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वाहिन्या आपल्याच मालिकांना पुरस्कार देऊन आपलीच पाठ थोपटून घेतात, आणि तंत्रज्ञाला सन्मानचिन्हापेक्षा वेळेवर पैसे आणि वेळेवर घर हवे असते. खरे आहे. बारा-बारा तासांच्या पाळ्या आणि तीन महिन्यांनी हाती पडणारे मानधन हा या धंद्याचा जुना रोग आहे. पुरस्काराने तो बरा होणार नाही. परंतु ज्याचे नाव लोकांना ठाऊक असते त्याला पैसे मागताना दबावे लागत नाही, आणि निनावी माणसाला सहज बदलता येते, हे आपण कारखान्यात, शेतात, सगळीकडे पाहतो. मजुरी हवीच, पण नाव असेल तर मजुरीचे भांडण सोपे जाते.

तेव्हा वाहिन्यांकडे माझी मागणी फार मोठी नाही. वर्षातून एका रात्री, मुख्य मंचावर, या माणसांना दोन-दोन मिनिटे द्या. त्यांना बोलू द्या. ते कुठल्या गावचे, काय शिकले, हे निवेदकाला विचारू द्या. आणि रोजच्या नामावल्या निदान वाचता येतील एवढ्या वेगाने, देवनागरीत जाऊ द्या.

पण सगळे वाहिन्यांवर टाकून आपण मोकळे होता कामा नये. डिसेंबर-जानेवारीत आपल्या शाळांची स्नेहसंमेलने असतात. नाचणाऱ्या मुलींना, नाटकातल्या शिवाजीला बक्षीस मिळते. पडदा वेळेवर ओढणारा, गाणे अचूक जागी सुरू करणारा, पुठ्ठ्याचा किल्ला रंगवणारा पोरगा टाळ्या वाजवणाऱ्यांत उभा असतो. बहुधा तो वर्गातला मागच्या बाकावरचा असतो, आणि गुणांच्या यादीत त्याचे नाव कधी वर येत नाही. या वर्षी मुख्याध्यापकांनी एक बक्षीस वाढवावे, फार तर शे-दोनशे रुपयांचे. त्याला मंचावर बोलवावे, त्याने काय केले ते पालकांना सांगावे आणि त्याच्या आईला पहिल्या रांगेत बसवावे. ‘तू कुठं हाईस त्यात?’ हा प्रश्न तिला मग विचारावा लागणार नाही.